जंगलतोड : कुऱ्हाड कोणाची, निर्णय कोणाचा?

गेल्या अंकात कोकणातील खासगी जंगलांवर आलेल्या लेखानंतर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. वनस्पतिशास्त्रज्ञ, इतिहासकार, अर्थतज्ज्ञ, कायदेपंडित आणि उपग्रहचित्रांचे अभ्यासक हे सगळे एकाच डोंगराकडे पाहत असूनही त्यांची उत्तरे जुळत नाहीत, मग विश्वास कोणावर ठेवायचा, अशी तक्रार बहुतेक पत्रांत आहे आणि ती रास्त आहे. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात पावसाळा संपला की लाकडाने भरलेले ट्रक रोज रस्त्याने जाताना दिसतात. डोंगरच्या डोंगर उघडे पडतात. तरीही देशातील वनाच्छादन वाढल्याची बातमी दर दोन वर्षांनी वर्तमानपत्रात येते. खोटे कोण बोलते आहे?
— एक निवृत्त शिक्षक, संगमेश्वर

उत्तर : खोटे कोणीच बोलत नाही, असे म्हटले तर आपल्याला ती पळवाट वाटेल, म्हणून हा आकडा कसा तयार होतो ते आधी पाहू. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांचे आच्छादन दहा टक्क्यांहून अधिक आहे, ती सारी जमीन या अहवालात वनाच्छादन म्हणून धरली जाते. जमीन कोणाच्या मालकीची आहे, तिची कायदेशीर नोंद काय आहे आणि झाडे कोणत्या जातीची आहेत, हे त्यात पाहिले जात नाही. त्यामुळे हापूसची बाग, काजूची लागवड आणि रबराचा मळा हे सगळे या बेरजेत येऊ शकते. २०२३ च्या अहवालाने देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के दाखवले आहे, ते या व्याख्येनुसार.

महसूल आणि वनखात्याच्या दप्तरातले जंगल याहून वेगळे आहे. ज्या जमिनीची नोंद राखीव, संरक्षित किंवा अन्य प्रकारचे वन म्हणून झाली आहे ती जमीन तिथे जंगल ठरते, मग तिच्यावर आज एकही झाड नसले तरी चालते. महाराष्ट्रात अशी नोंदलेली वनजमीन सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर आहे, तर २०२१ च्या अहवालानुसार उपग्रहाला दिसलेले वनाच्छादन सुमारे ५० हजार ८०० चौरस किलोमीटर होते. हे दोन आकडे एकाच्या पोटात दुसरा असे बसत नाहीत. नोंदलेल्या वनजमिनीचा मोठा भाग उजाड आहे आणि दिसणाऱ्या हिरवाईचा मोठा भाग नोंदीबाहेर आहे. आपला रत्नागिरी जिल्हा तर या विसंगतीचे टोक आहे. तिथे वनखात्याच्या ताब्यातील जमीन जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि उपग्रहाला मात्र जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो. ही सगळी झाडी सातबाऱ्यावर खासगी मालकांच्या, बहुधा पाच-पन्नास सहहिस्सेदारांच्या नावावर आहे, आणि त्यातले निम्मे हिस्सेदार मुंबईत आहेत.

आता आपण रस्त्यावर पाहता ते ट्रक. ठेकेदार सामाईक डोंगर एकरकमी बोलीने घेतो, तोड परवाना आणि वाहतूक पास काढतो आणि ऐन, किंजळ, नाणा असे जे उभे असेल ते साफ करतो. जाड बुंध्याचा माल वखारीत जातो, उरलेला जळाऊ म्हणून कारखान्यांच्या बॉयलरकडे किंवा कोळशाच्या भट्टीत. पुढच्या पावसात बुडख्यांना फुटवे येतात. दोन-तीन वर्षांत डोंगर पुन्हा हिरवा दिसू लागतो, आणि साडेतेवीस मीटरचा चौकोन हाच ज्याच्या नजरेचा सर्वांत लहान ठिपका आहे, अशा उपग्रहाच्या कॅमेऱ्याला तो पुन्हा वनाच्छादित दिसतो. तोड झाली हे खरे आणि आकडा घटला नाही हेही खरे.

या जागी पक्ष्यांच्या अभ्यासकाला विचारले पाहिजे. महाधनेशाची मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नराने फटीतून भरवलेल्या फळांवर जगते. अशी ढोली पडायला बेहड्यासारख्या झाडाचे वय पिढ्यान्‌पिढ्यांचे असावे लागते. फुटव्यांच्या डोंगरावर झाडांची संख्या पूर्वीपेक्षा जास्त भरेल, पण ढोली एकही नसेल. फुटवा फुटणाऱ्या जाती टिकतात, न फुटणाऱ्या हळूहळू यादीतून गळतात. उपग्रह क्षेत्रफळ मोजतो, जंगलाचे वय आणि घडण त्याला फारशी कळत नाही.

कायद्याचे म्हणणे आणखी निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात आदेश दिला की, वन (संवर्धन) अधिनियम, १९८० लागू करताना ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ धरावा, मालकी पाहू नये. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आवळली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन राज्यांना जुनाच अर्थ पाळायला सांगितले. या ओढाताणीत सर्वांत जास्त अडकले आहे ते आपल्या डोंगरासारखे नोंदीबाहेरचे खासगी जंगल. तेव्हा बातमी वाचताना ‘वाढले की घटले’ या प्रश्नाआधी ‘कोणते जंगल’ हा प्रश्न विचारावा.

प्रश्न : जंगलतोडीवर महाविद्यालयात प्रकल्प करते आहे. भूगोलाच्या प्राध्यापिका लोकसंख्या हे कारण सांगतात, अर्थशास्त्राचे सर बाजारपेठ म्हणतात, वनस्पतिशास्त्र विभागात चराई आणि वणवे यांवर भर आहे. मार्गदर्शक म्हणतात ‘आंतरविद्याशाखीय’ लिही. म्हणजे प्रत्येकाचे एकेक प्रकरण घालून शेवटी बेरीज करायची का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बेरीज मुळीच करू नका. अशा बेरजेचे प्रबंध ग्रंथालयांत धूळ खात पडलेले आहेत, आणि त्यांत प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी बरोबर असूनही प्रबंध चुकलेला असतो. एक शास्त्र दुसऱ्या शास्त्राची चूक कुठे पकडते, ती जागा शोधा. आपल्याला उपयोगी पडेल असे एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. ते महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले आहे.

दांडेलीला १९५८ च्या सुमारास कागदगिरणी उभी राहिली आणि आसपासच्या जंगलातला बांबू तिला देण्याचा करार झाला. वनखात्याच्या अंदाजानुसार हा बांबू गिरणीला कायम पुरणार होता. पंधरा-सोळा वर्षांतच बांबू विरळ झाला. बांबूवर पोट असणारे बुरूड ओरड करू लागले, त्यांना सूप-टोपल्यांसाठी माल मिळेना. प्रशासनात आणि गिरणीत सर्वमान्य झालेले कारण असे होते की, गावकरी बेसुमार तोडतात आणि त्यांची गुरे कोंब खातात. १९७५ मध्ये कर्नाटक सरकारने डॉ. माधव गाडगीळ यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितले.

केवळ वनस्पतिशास्त्र घेऊन कोणी गेला असता तर त्याला गुरांनी खाल्लेले कोंब दिसले असते आणि सरकारी कारणावर शिक्कामोर्तब झाले असते. कोंब खाल्ले जात होते, हे खोटे नव्हतेच. गावकऱ्यांनी मात्र अभ्यासकांना बेटाच्या बुडाशी नेऊन दाखवले. तिथला बांबू काटेरी असतो. बेटाच्या खालच्या भागात काटेरी फांद्यांचे जाळे असते आणि पावसात उगवणारा कोवळा कोंब त्या जाळ्यातून सुरक्षित वर येतो. जाळ्याच्या आत गुरांचे तोंड आणि माकडाचा हात पोचत नाही. काठी हवी असेल तेव्हा गावकरी वरच्या बाजूने, जाळे राखून तोडत. गिरणीचे मजूर तोड सोपी व्हावी म्हणून आधी बुडाचे काटे साफ करत, आणि बेट मोकळे झाले की वाढ चांगली होते, असे वनखात्याच्या नियमावलीचेही मत होते. काटे गेले की पुढच्या पावसातला कोंब उघडा पडे आणि गुरे तो खात. प्रत्यक्ष मोजणी केल्यावर गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. म्हणजे ‘गुरांनी खाल्ले’ हे विधान बरोबर होते आणि ‘गुरांमुळे बांबू संपला’ हे विधान चूक होते. बेटाखाली बसून हे पाहायला कोणतीही पदवी लागत नव्हती, पण नियमावली लिहिणारे तिथे बसले नव्हते.

पण काटे साफ करण्याची घाई का होती आणि बांबू संपतो आहे हे दिसत असूनही तोड मंदावली का नाही, हे वनस्पतिशास्त्र सांगू शकत नाही. त्यासाठी करार वाचावा लागतो. गिरणीला बांबू टनाला दीड रुपया या दराने मिळत होता, तर बुरुडाला तोच बांबू बाजारातून याच्या शेकडो पटींनी महाग घ्यावा लागत होता. दीड रुपया टन दराने मिळणाऱ्या वस्तूचे जतन करणे गिरणीच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार होता. इथला बांबू संपल्यावर तो दूरदूरच्या राज्यांतून आणण्याची ऐपत तिच्याकडे होती, बुरुडाकडे नव्हती. मग एवढा कमी दर कोणी आणि का ठरवला, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या दारात जातो. नव्या राज्यांना उद्योग हवे होते, जंगल सरकारी मालकीचे होते आणि बुरुडांना मंत्रालयात शिरकाव नव्हता. आणि सरकारी मालकी कुठून आली, हे विचारले की १८७८ च्या वन कायद्यापर्यंत, म्हणजे इतिहासापर्यंत मागे जावे लागते.

शिवाय एक खबरदारी वनस्पतिशास्त्रच घ्यायला लावते. बांबूच्या अनेक जाती दीर्घ काळाने एकदाच फुलतात आणि फुलल्यावर बेटेच्या बेटे वाळून मरतात. अशा वर्षानंतर मोजणी केली तर नैसर्गिक मरणाचा दोष तोडीवर जातो. अर्थशास्त्रज्ञाला हे माहीत नसेल तर त्याचा दराचा सिद्धांत आकड्यांनी अगदी सुंदर सिद्ध होईल आणि चुकीचा असेल.

आपल्या प्रकल्पाची रचना अशीच करता येईल. एक लहान जागा घ्या, शक्यतो एकच डोंगर किंवा एकच देवराई. तिथे घडलेला एक ठोस बदल निवडा आणि ‘हे कशामुळे’ या प्रश्नाचा माग काढत जा. ज्या वळणावर हातातले शास्त्र थांबते, तिथे दुसरे उचला. लोकसंख्येचे कारण पुढे आले की विचारा, लोकसंख्या वाढलेल्या सगळ्या गावांत जंगल घटले का? आपल्या प्राध्यापिका रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

प्रश्न : इंग्रज येण्यापूर्वी सारा महाराष्ट्र घनदाट अरण्य होता आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी त्यांनी ते साफ केले, असे वाचले आहे. शिवाजी महाराजांनी तर झाडे तोडण्यास बंदी केली होती ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन वेगळी विधाने आहेत आणि तिघांचे साक्षीदार वेगळे आहेत.

आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत हा जो मजकूर महाराजांचे पत्र म्हणून फिरतो, तो रामचंद्रपंत अमात्यांच्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रातला आहे. त्यात शिवकालीन धोरणाचे सार आहे, हे खरे. मूळ मजकुरात सरसकट बंदी नाही. आरमारासाठी सागवानादी लाकूड लागते, ते हुजुराची परवानगी घेऊन तोडावे, असे त्यात आहे. आंबे, फणस आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारण दिले आहे. फारच जीर्ण झाड असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन तोडावे. रयतेच्या हक्काची ही जाण विलक्षण आहे. तरी इतिहासकार अशा आज्ञेतून आणखी एक गोष्ट वाचतो : जे घडतच नाही त्याला मनाई करावी लागत नाही. आरमार, किल्ले आणि तोफखाना यांना लाकूड लागत होते आणि कामगार रयतेच्या बागेत शिरत होते.

‘सारा महाराष्ट्र अरण्य’ हे विधान मात्र टिकत नाही, आणि ते खोडायला इतिहासकारापेक्षा परागकणांचा अभ्यासक अधिक उपयोगी पडतो. फुलांचे पराग चिखलात हजारो वर्षे टिकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुळानुसार ओळखता येतात. कारवारसमोरच्या समुद्रतळातील गाळावरून असे दिसते की, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडे होत गेले आणि सदाहरित वनांचा वाटा घटून गवताळ वनस्पतींचा वाढला. त्यात माणसाचा हात असलाच तर हवामानाच्या जोडीला. पूर्वेकडच्या पठाराबाबत अलीकडे एक सुंदर काम झाले आहे. काही संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मय आणि लोकपरंपरेतील ओव्या-कथांमधील झाडांचे उल्लेख गोळा केले. त्यांत बाभळी, बोरी, पळस यांसारखी माळरानाची झाडे भेटतात. दख्खनचे माळ म्हणजे तोडलेले जंगल नव्हे, ते मुळातच कित्येक शतकांचे माळ आहेत, हा निष्कर्ष वाङ्मयाने पर्यावरणशास्त्राला दिला. ‘पडीक’ म्हणून त्यांवर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा माळावरचे लांडगे, धाविक पक्षी आणि गवत यांचे नुकसान होते, आणि धनगरांची चराई जाते. कोकणातले जांभ्याचे सडे आणि साताऱ्याचे आपले कास पठार यांनाही हीच गोष्ट लागू आहे.

पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात याचे उलटे रूप आढळले. किसिदुगू भागातल्या गवताळ प्रदेशात गावोगावी घनदाट झाडीची बेटे होती. फ्रेंच अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या नंतरच्या तज्ज्ञांनी ती पूर्वीच्या महावनाचे अवशेष मानली आणि जंगल नष्ट केल्याबद्दल गावकऱ्यांना दंड ठोठावले. १९९० च्या दशकात जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच या मानवशास्त्रज्ञांनी १९५२ ची हवाई छायाचित्रे, नंतरची उपग्रहचित्रे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकत्र तपासल्या, तेव्हा ती बेटे गावकऱ्यांनीच माळावर वाढवली असल्याचे दिसून आले.

इंग्रजांचा दोष याने कमी होत नाही, त्याचे स्वरूप स्पष्ट होते. मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती, म्हणजे १८५३ ची पहिली रेल्वे धावण्याआधी. जहाजे, मग लोहमार्ग आणि वाढते मुंबई शहर यांनी लाकूड खाल्ले हे निर्विवाद आहे. पण खोल परिणाम झाला तो मालकी बदलण्याचा. कोकणातला शेतकरी भाताचे रोप तयार करण्यासाठी राब भाजतो आणि त्यासाठी झाडांचा टहाळ काढतो. १८७८ च्या कायद्यानंतर तोच टहाळ गुन्हा ठरू लागला. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की, १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जंगलखात्याने गावचराया बंद करून रयतेला नाडल्याची तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ मध्येच मांडली होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्याची मुळे इथे आहेत. जे आपले राहिले नाही ते राखायचे कशाला, ही भावना किती झाडांना भोवली, याचा आकडा कोणत्याही दप्तरात मिळत नाही.

प्रश्न : झाडे तोडल्यामुळे पाऊस कमी झाला, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात. याला शास्त्रीय आधार आहे का?
— एक शेतकरी, जुन्नर

उत्तर : आहे, पण आपल्या गावापुरता थोडा आणि दूरच्या गावांसाठी जास्त. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाचे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येते आणि डोंगर त्याला वर उचलतो. डोंगर बोडका झाला तरी ढग अडायचे थांबत नाहीत. त्यामुळे घाटमाथ्यावर जंगलतोडीने एकूण पाऊस लक्षणीय घटेल, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र झाडे पानांतून पाणी पुन्हा हवेत सोडतात आणि ते वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला जवळजवळ निम्मा पाऊस असा परत फिरलेल्या पाण्याचा असल्याचे १९७० च्या दशकात समस्थानिकांच्या (पाण्यातील हलक्या-जड अणूंच्या) अभ्यासाने दाखवले. पश्चिम घाटातील वनांमुळे तामिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसातील बाष्पाचा पाव किंवा त्याहून मोठा हिस्सा मिळतो, असे भारतीय संशोधकांच्या संगणकीय प्रारूपांवरून दिसते. म्हणजे आपल्याकडच्या तोडीचा पाऊस तिकडे कमी होऊ शकतो.

आपल्याला जो फरक जाणवतो तो बहुधा पावसात नसून पाण्यात आहे. पालापाचोळ्याने झाकलेली, मुळांनी पोकळ केलेली माती पाणी आत घेते. तीच माती उघडी पडली, गुरांनी तुडवली की पाणी वरून वाहून जाते, ओढे दोन दिवस दुथडी भरतात आणि मार्गशीर्षात कोरडे पडतात. विहिरीचे पाणी लवकर तळाला जाऊ लागले की माणूस ‘पाऊस कमी झाला’ म्हणतो. यात पुन्हा एक मेख आहे. निलगिरीसारखी भराभर वाढणारी लागवड कोरड्या भागात केली तर ती स्वतःच इतके पाणी पिते की ओढ्याला उरत नाही. ‘झाडे लावा, पाणी वाढेल’ हे सूत्र जमीन, जात आणि पाऊस पाहिल्याशिवाय वापरू नये.

दरडींविषयीही असेच आहे. आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, तेव्हा जंगलतोड, डोंगरउतारावर शेतीसाठी केलेले सपाटीकरण आणि अतिवृष्टी अशी सगळी कारणे पुढे आली. भूगर्भशास्त्रज्ञ उताराचा कोन, कुजलेल्या खडकाची जाडी आणि पाण्याचा निचरा आधी पाहतो. झाडाची मुळे वरचा मीटर-दोन मीटर थर धरून ठेवतात, त्याखालून सरकणारी दरड त्यांना आवरत नाही.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. जंगल तोडतात ते तिथेच राहणारे लोक. वनहक्क कायद्याने त्यांनाच जमिनी दिल्यावर जंगल उरणार कसे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रायगड-रत्नागिरीच्या कोळशाच्या भट्टीवर जाऊन पाहिले तर कुऱ्हाड कातकरी माणसाच्या हातात दिसेल. त्याने पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कुटुंबासह भट्टीवर राहावे लागते. डोंगर त्याचा नाही, परवाना त्याचा नाही, कोळसाही त्याचा नाही. कोळसा जिथे जळतो ती तंदूर बहुधा आपल्या शहरातली असते. मानवशास्त्राचा अभ्यासक भट्टीवर काही महिने राहतो तेव्हा हे कळते, जनगणनेच्या तक्त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या बाजूला, सामाईक साधन कोणीतरी ओरबाडणारच, असा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ मधला युक्तिवाद आपल्या प्रश्नामागे आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील गावसमूहांचे नियम अभ्यासून तो सार्वत्रिक नाही, हे दाखवले आणि त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकण्यासाठी वाहतूक पास देण्याचा अधिकार मिळवायला मात्र ग्रामसभेला २०११ पर्यंत झगडावे लागले. गावाने सर्वानुमते ठरवलेल्या नियमांनी तोड केली आणि बांबूचे उत्पन्न गावात आले. प्रत्येक गाव मेंढा होत नाही, हे मान्य. काही ठिकाणी वैयक्तिक दाव्यांच्या आशेने नवी झाडे पाडली गेली, हेही घडले आहे. पण कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची अंतिम तारीख आहे, म्हणजे त्यानंतर घेतलेल्या ताब्याला हक्क मिळत नाही, तेव्हा दोष कायद्याला द्यायचा की पडताळणी न करणाऱ्यांना, हे ठरवावे लागेल.

प्रश्न : प्रकल्पासाठी जंगल गेले तरी दुसरीकडे झाडे लावून भरपाई होते ना?
— एक अभियंता, नागपूर

उत्तर : हिशोबाच्या वहीत होते. वळवलेल्या वनजमिनीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निव्वळ वर्तमान मूल्याचे, म्हणजे जंगलाच्या पुढच्या लाभांच्या आजच्या किमतीचे, दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे मान्य केले आणि २०२२ मध्ये केंद्राने ते वाढवले. दर अजिबात नसण्यापेक्षा हे बरे झाले. पण वर्तमान मूल्य काढण्याच्या रीतीतच एक ओढ आहे. आठ टक्के सूट दर (पुढच्या लाभाची किंमत दरसाल कमी धरण्याचा दर) धरला तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या लाभाची आजची किंमत अवघी दोन हजार एकशे रुपयांच्या आसपास भरते. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या महाधनेशाच्या ढोलीची किंमत या गणिताने जवळजवळ शून्य येते. शिवाय भरपाईची झाडे अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या मातीत आणि एकाच जातीची लागतात, आणि कधी कधी वर उल्लेख केलेल्या एखाद्या माळावर.

प्रश्न : आमच्या गावच्या डोंगराचे काय झाले ते शोधायचे आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक ग्रामपंचायत सदस्य, दापोली तालुका

उत्तर : आधी तहसील कार्यालयातून डोंगराच्या सर्व्हे नंबरांचे सातबारे आणि जुने फेरफार काढा. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याखाली जमीन सरकारजमा झाली का, परत मिळाली का, हे फेरफारात उमटलेले असते. वनपरिक्षेत्र कार्यालयात तोड परवान्यांची नोंद असते, माहितीच्या अधिकारात मागता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे पाहा, त्यांत दाट आणि विरळ झाडी वेगळी दाखवलेली असते. रत्नागिरीचे जुने गॅझेटियर आता संकेतस्थळावर वाचता येते. गूगल अर्थवर मागील वर्षांची चित्रे सरकवून पाहता येतात, पण मार्च-एप्रिलची चित्रे आणि ऑक्टोबरची चित्रे यांची तुलना करू नका, नाहीतर पानगळच जंगलतोड दिसेल.

मग माणसांकडे जा. गुराखी, लाकूडतोडे, वैदू, आणि विशेषतः सरपणाला जाणाऱ्या बायका. पुरुषांना बहुधा इमारती झाडे आठवतात. जळण, रानभाज्या, पाणवठे आणि कोणते झाड केव्हापासून दिसेनासे झाले, हे बायका सांगतात. ‘पूर्वी फार जंगल होते’ एवढ्यावर थांबू नका, एखाद्या घटनेशी जोडून विचारा : कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या उतारावर काय होते? घरात वीज आली तेव्हा? सांगितलेले कागदाशी जुळत नसेल, तर ती जागा वहीत लाल शाईने खुणावून ठेवा आणि पुढची चौकशी तिथून सुरू करा. देवराई असेल तर तिच्या आतल्या आणि बाहेरच्या झाडांची यादी शेजारी शेजारी मांडा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली होती. आपली देवराई त्यात असेल, तर पन्नास वर्षांमागचे एक टोक आपल्याला आयतेच मिळेल.